मदत हवी आहे: ५१ व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली तर साठीपर्यंतचा काळ कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, सव्वीस वर्षं झाली. कंपनीने व्हीआरएस काढलीय आणि महिनाअखेर होकार-नकार कळवायचाय. ऑर्डरी घटल्यात, तिसरी पाळी बंद आहे. पुढच्या वेळी एवढी रक्कम देतील याची खात्री कुणालाच नाही, त्यामुळे माझा कल घेण्याकडे आहे. बायको मात्र अजून तयार नाही, आणि तिची काळजी मला रास्त वाटते.

पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि कर जाऊन हातात येणारी व्हीआरएसची रक्कम (त्यातले ५ लाखच करमाफ असतात) मिळून साधारण १ कोटी १० लाख होतात. मुलीच्या इंजिनीअरिंगचे पैसे वेगळे काढलेत. इंदिरानगरच्या फ्लॅटवर कर्ज नाही. घरखर्च आईच्या औषधांसकट महिना ४५ हजार.

म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, एकूण रकमेच्या जवळजवळ ५ टक्के. जो तो ४ टक्क्यांचा नियम सांगतो (पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे), पण तो अमेरिकेतल्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या हिशेबाने बसवलेला आहे. मला पस्तीस तरी धरावी लागतील. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत हाच खर्च ९० हजारांवर जातो.

माझं घोडं अडलंय ते साठीच्या अलीकडे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर. व्हीआरएसवाल्यांना ५५ पासून मिळते, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर तीन महिन्यांच्या आतच खातं उघडावं लागतं, म्हणजे माझ्या उपयोगाची नाही. ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन पन्नाशीनंतर सुरू करता येतं, पण ५८ च्या आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कापतात. १५ हजारांच्या पगारमर्यादेमुळे माझं पूर्ण पेन्शनही सहा हजारांपलीकडे जात नाही.

आणि बाजाराची भीती आहेच. मार्च २०२० मध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकावरून जवळपास ४० टक्के घसरला होता. पगार चालू होता म्हणून तेव्हा एसआयपीला हात लावला नाही, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळं भरून निघालं. पगार नसताना पहिल्या दोन वर्षांतच अशी घसरण आली तर खर्चासाठी तळाला युनिट विकावी लागतील, आणि ती पुन्हा परत येत नाहीत. म्हणून पाच वर्षांचा खर्च, साधारण २७ लाख, बाजाराबाहेर ठेवायचा विचार आहे: पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्याला चालतात ते १५ लाख, बाकी एफडी. हे पुरेसं आहे का, की सात वर्षांचा ठेवावा?

मेव्हणे म्हणतात, २०२७ च्या सिंहस्थामुळे भाव चढतायत, आडगावकडे प्लॉट घेऊन टाका. मला पटत नाही. किराण्यासाठी प्लॉटचा तुकडा विकता येत नाही.

सगळ्यात जास्त घोर मेडिक्लेमचा आहे. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपेल. मला बीपी आहे, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीकडे अर्ज करून ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत गेलेलं इथे कुणी आहे का? आधीची वर्षं धरली का? अर्ज किती दिवस आधी केला? आईलाही त्यात घेतलं का?

सातपूर-अंबडमधून आधी व्हीआरएस घेतलेल्यांनी जरूर लिहा. व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.