पोळ्यावाल्या ताईंचं हृदयाच्या वॉल्व्हचं ऑपरेशन आहे आणि त्यांचं नाव कुठल्याच रेशनकार्डावर नाही. काय करता येईल?

अनघा_पुणे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई, वय ३८. सहा महिने झाले, जिना चढला की दम लागतो, आणि आम्ही सगळे आपलं "रक्त कमी असेल, खजूर खा" असं सांगत बसलो (माझीच मला लाज वाटते आता). गेल्या महिन्यात पाय सुजले, तेव्हा कुठे टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर मायट्रल वॉल्व्ह पार आकसलेला. डॉक्टरांनी विचारलं लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, तर हो म्हणाल्या, यायचा, अंगारा लावायचे. आता वॉल्व्ह बदलायचाय. एका खासगी हॉस्पिटलने साडेतीन लाख सांगितले, त्यातले दीड आधी भरा म्हणाले.

विमा वगैरे काही नाही, बँकेत अकरा हजार आहेत. महात्मा फुले योजनेचं (सरकारी, मोफत उपचारांची) विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने रेशनकार्ड मागितलं आणि तिथेच गाडं अडलं. लग्न झाल्यावर परभणीकडच्या माहेरच्या केशरी कार्डातून नाव कमी केलं, सासरच्यांनी त्यांच्या कार्डात कधी घातलंच नाही, आणि नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेला. म्हणजे ही बाई सरकारदरबारी कुठल्याच घरात राहत नाही. आधार आहे, इथल्या वस्तीतल्या पत्त्याचं. सोसायटीत वर्गणी काढायची तयारी आहे पण त्याआधी काही मार्ग आहे का?

टेबलमागचा_माणूस

अनघाताई, मी तीन वर्षं आरोग्यमित्र होतो (योजनेचा माणूस, हॉस्पिटलच्या दारापाशी टेबल टाकून बसतो ना, तो). पहिली गोष्ट, अजून एक रुपया भरू नका. ही योजना कॅशलेस आहे, पैसे भरून अ‍ॅडमिट झालात आणि मग "आता योजनेत घ्या" म्हणालात की सगळं किचकट होऊन बसतं, मी अशी रडारड डोळ्याने बघितलीय.

दुसरं, १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग बघत नाहीत. पिवळं, केशरी, पांढरं सगळं चालतं, आणि कव्हर दीड लाखाचं पाच लाख झालंय, कुटुंबाला वर्षाला. पण रंग गेला तरी कार्ड राहिलंच. त्या जीआरमध्ये कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र पण धरलंय, तरी टेबलावरचा माणूस काय मागेल ते आधी १५५३८८ वर फोन करून पक्कं करा, उगाच हेलपाटा नको.

कार्डाचं म्हणाल तर ताईंना माहेरच्या तहसीलमधून मिळालेला "नाव कमी केल्याचा दाखला" शोधायला सांगा. तो असला की इथल्या परिमंडळ कार्यालयात (रेशनच्या ऑफिसात) त्यांच्या एकटीच्या नावाने स्वतंत्र कार्डाचा अर्ज टाकता येतो. नवरा सोडून गेलाय म्हणून सासरच्यांच्या मागे लागायची गरज नाही.

आणि हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यावर खूश होऊ नका. एखादं फक्त हाडांसाठी पॅनेलवर असतं, हृदयासाठी नसतं. विचारताना "वॉल्व्ह रिप्लेसमेंट तुमच्याकडे योजनेत होतं का" असंच विचारा.

जनरल_डबा

कागदावर सगळं छान असतं हो. माझ्या मेव्हण्याच्या वेळी कार्ड होतं, नाव होतं, सगळं होतं, तरी "योजनेचे बेड फुल आहेत, पुढच्या सोमवारी या" असे चार सोमवार झाले. शेवटी गावचं अर्धा एकर विकलं. वर्गणी काढा ताई, तेच खरं.

टेबलमागचा_माणूस

@जनरल_डबा भाऊ, खोटं नाही बोलत तुम्ही. पण "फुल आहे" हे तोंडी ऐकून परत फिरायचं नाही. आरोग्यमित्र हा हॉस्पिटलचा माणूस नसतो, योजनेचा असतो, त्याच्यासमोर उभं राहून तक्रार नोंदवायची, तिथूनच फोन लावायचा. दहातल्या पाच वेळा बेड निघायचा, माझ्या टेबलावर तरी.

वैशाली_एमएसडब्ल्यू

कार्ड होईपर्यंत थांबायची गरज नाही, दुसरं दार आहे. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत ना, धर्मादाय, त्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ककखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही स्कीम चालूय. हॉस्पिटलच्या बिलांतले २ टक्के त्यासाठीच्या निधीत बाजूला पडतात, म्हणजे हे उपकार नाहीत कोणाचे.

निर्धन म्हणजे वर्षाला १,८०,००० पर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. इथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो, तो सेतूत अर्ज करून मिळतो, त्याला नवऱ्याची कुंडली लागत नाही. दाखला घेऊन बिलिंग काउंटरवर जाऊ नका, थेट "मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात" विचारा. बहुतेक ठिकाणी ती खोली तळमजल्यावर कोपऱ्यात, पाटी अर्धी झाकलेली असते (मी सोशल वर्कर असताना माझीच होती!). एकोचा रिपोर्ट, आधार, दाखला, आणि ताईंना स्वतःला घेऊन जा. मालकीणबाई एकट्या बोलायला आल्या की आमचे लोक जरा सावध होतात, मग "तुम्हीच का नाही भरत" सुरू होतं.

आणि रात्रीबेरात्री दम वाढला तर धर्मादाय हॉस्पिटलला इमर्जन्सीत डिपॉझिट न मागता दाखल करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

खेड्यातला_डॉक्टर

दुसरी बाजू पण सांगतो, शिव्या घाला हवं तर. माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, मी महात्मा फुले योजनेतून बाहेर पडलो कारण पॅकेजचे (एकेका उपचाराला ठरवून दिलेले) पैसे यायला महिनोन् महिने लागायचे आणि नर्सचा पगार एक तारखेलाच द्यावा लागतो. सगळेच डॉक्टर चोर नसतात.

बरं, मुद्द्याचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय वगैरे, उपचार मोफत झालेत. पण वॉल्व्ह तिथे बदलत नाहीत, ते काम मेडिकल कॉलेजांचं, आणि ती वेगळ्या खात्याकडे किंवा महापालिकेकडे, तिथे हा नियम नाही. मुंबईच्या केईएमला हृदयाची ऑपरेशनं वर्षानुवर्षं होतायत, खर्च खासगीच्या मानाने फार कमी, पण रांग मोठी.

सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशनच्या पुढचं कोणी विचारलंच नाही. धातूचा वॉल्व्ह बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि गोळीचा डोस ठरवायला पीटी-आयएनआर नावाची तपासणी करत राहावी लागते. गोळी स्वस्त आहे, तपासणी आणि त्या दिवशीचा बुडालेला रोज महाग पडतो. आजपर्यंत माझ्याकडे वॉल्व्ह फुकट बसवून आलेले आणि गोळी सोडून दिल्यामुळे वॉल्व्हवर गुठळी झालेले पेशंट आलेत. काही ऑपरेशनांना योजनेत फॉलोअपचं वेगळं पॅकेज असतं, आरोग्यमित्राला मुद्दाम विचारा. शिवाय संधिवाताच्या तापाने खराब झालेला वॉल्व्ह असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी चालू ठेवायला सांगतील, ते चुकवू देऊ नका.

अनघा_पुणे

अपडेट देते. दाखला सापडला! ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकेत घडी घालून ठेवलेला, शाई उडालीय पण शिक्का वाचता येतो. परिमंडळ कार्यालयात अर्ज टाकला, पोचपावती मिळाली, कार्ड कधी येईल देव जाणे. उत्पन्नाचा दाखला मात्र नवव्या दिवशी हातात आला, ९६,०००.

मग वैशालीताईंनी सांगितलं तसं ताईंना घेऊन एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर "अशी काही स्कीम नाही" असं दोनदा ऐकलं. मी भांडायच्या तयारीत होते, पण ताईच म्हणाल्या, "मॅडम, समाजसेवक कुठं बसतात तेवढं सांगा." एक्स-रेच्या मागची खोली निघाली. त्या बाईंनी रिपोर्ट बघितला, कलम बिलम काही काढावं लागलं नाही, निर्धन खाटेच्या यादीत नाव घातलं. सर्जन बुधवारी तपासणार, त्याआधी दात दाखवून या म्हणाले, दातात किड असेल तर वॉल्व्हला धोका असतो म्हणे.

वर्गणी काढतोय तरी, पण आता ती ऑपरेशनला नाही, तीन महिन्यांच्या घरभाड्याला आणि त्या तपासणीला. @खेड्यातला_डॉक्टर, पीटी-आयएनआर सरकारी दवाखान्यात होते का हो, की लॅबमध्येच जावं लागेल? आणि ताई विचारतायत, पालेभाजी बंद करायची का, कारण शेजारणीने तसं सांगितलंय.

खेड्यातला_डॉक्टर

जिल्हा रुग्णालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी होते. पालेभाजी बंद नाही करायची, रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं नको. गोळीचा डोस त्यावर हलतो. आणि दुखलं-खुपलं म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही, हे शेजारणीलाही सांगा.