सेऊल २०२७ जागतिक युवा दिन: ज्यांना परवडतं त्यांनीच जायचं का?

युथलीडर_ताई
नमस्कार सगळ्यांना. आमच्या पॅरिशचा (म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचा) युथ ग्रुप २०२७ च्या वर्ल्ड युथ डेला, म्हणजे पोपांसोबतच्या जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला, सेऊलला जायचं म्हणतोय. ३ ते ८ ऑगस्ट या तारखा पोप लिओंनी रोमला तोर व्हेर्गाताच्या मैदानावरच्या मिस्सेत (प्रार्थनाविधीत) जाहीर केल्या तेव्हापासून पोरं नुसती हवेत आहेत. अडचण अशी की ग्रुपमधले निम्मे शिकणारे, काही नुकते नोकरीला लागलेले, आणि दोघंतिघं असे की ज्यांच्या घरी विमानाच्या तिकिटाचा विषयसुद्धा निघू शकत नाही. मागच्या मीटिंगला एकजण सरळ म्हणाला की ज्याला परवडतं त्याने नाव द्या, बाकीच्यांनी लाइव्ह बघा. सगळे गप्प बसले, पण जी मुलगी दर रविवारी गायनवृंद सांभाळते, आजाऱ्यांच्या घरी जाते, तिने मान खाली घातली आणि माझ्या पोटात कालवलं. शिवाय पालक म्हणतात ही फॉरेन टूरच आहे, नाव तेवढं यात्रा. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा ना, पैशाचं कसं केलंत आणि तिथे नेमकं काय असतं?

क्राकोव्हवाला
ताई, तुमच्या पोटात कालवलं ते बरोबरच आहे, ते तसंच सोडून देऊ नका. आम्ही २०१६ ला पोलंडला गेलो तेव्हा सुरुवातीलाच ठरवलं की पैसे एकाच पेटीत जाणार. ज्याच्या घरून पूर्ण रक्कम येते त्याचेही त्यातच आणि कार्यक्रम करून, स्टॉल लावून, पॅरिशमधल्या लोकांकडून जमा झालेलेही त्यातच. मग कोणाला किती कमी पडतंय ते फक्त फादर आणि दोन मोठी माणसं यांनाच माहीत. पोरांना शेवटपर्यंत कळलं नाही कोणाचं तिकीट कोणी भरलं आणि हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर तिथे गेल्यावरही एक देणारा आणि एक घेणारा असंच राहतं. देणगी देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही प्रार्थनेच्या विनंत्या लिहून घेतल्या होत्या, त्या चिठ्ठ्या मुलांनी वाटून घेतल्या आणि सोबत नेल्या. त्यामुळे पॅरिशलाही वाटलं की आपण कोणालातरी पाठवतोय.

नोंदणी तुमच्या धर्मप्रांताच्या युवा विभागामार्फतच करा. अधिकृत साइटवर ग्रुपने नोंदणी करायची असते, राहणं-जेवणासकट किंवा त्याशिवाय अशी वेगवेगळी पॅकेजं असतात. "व्हिसाची गॅरंटी" म्हणणारा कोणी एजंट आला की दारातूनच परत पाठवा, आयोजकांचं निमंत्रणपत्र मिळालं तरी व्हिसा द्यायचा की नाही ते दूतावासच ठरवतो. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो, यात्रेच्या नावाने जाऊन तिकडेच राहायचा विचार करणारे प्रत्येक वेळी काहीजण निघतात, आणि त्याची शिक्षा पुढच्या वेळी प्रामाणिकपणे अर्ज करणाऱ्या गरीब पोरांना बसते. म्हणून नावं घेताना फादरांनी प्रत्येकाला नीट ओळखलेलं असावं.

तेजो_काठावरून
मी लिस्बनला होते, २०२३ ला. तुमच्या पालकांना ही टूर वाटते तर त्यांना शनिवारची रात्र सांगा.

आठवडा साधारण असा असतो, मंगळवारी तिथल्या बिशपांची उद्घाटनाची मिस्सा, मग बुधवार ते शुक्रवार सकाळी आपापल्या भाषेच्या गटात धर्मशिक्षण, गुरुवारी पोपांचं स्वागत, शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना), आणि शनिवारी सगळे चालत मोठ्या मैदानावर जातात. ते चालणं म्हणजे पाठीवर सॅक, हातात चटई, डोक्यावर ऑगस्टचं ऊन, आणि पुढे-मागे फक्त माणसं आणि झेंडे. आपल्या बॅजवर सेक्टर लिहिलेला असतो, तो शोधेपर्यंत पाय बोलायला लागतात. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या जागेत आधीच दुसरा ग्रुप पसरलेला, भाषा कळेना. त्यातल्या एका मुलीने काही न बोलता आपली चटई अर्धी दुमडली आणि हाताने जागा दाखवली, झालं, तिथेच आम्ही रात्रभर. मग अंधार पडल्यावर आराधना सुरू झाली. पार्के तेजोला, म्हणजे त्या मैदानावर, सुमारे १५ लाख लोक होते असं अधिकारी म्हणाले, आणि एवढी गर्दी गुडघ्यावर असताना मला शेजारच्या मुलाच्या जपमाळेचे मणी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. मी हे कोणाला समजावून सांगू शकत नाही, पण तेव्हापासून मी एकटी प्रार्थनेला बसले तरी एकटी नसते. झोप अशी कोणाला लागलीच नाही, आणि पहाटे एका पोर्तुगीज फादरांनीच डीजे लावून सगळ्यांना उठवलं 😄 आनंद आणि भक्ती एकाच मैदानावर, हे आमच्या घरच्यांना फोटो बघूनही पटत नव्हतं.

आणि हो, कुमसाराला (फादरांकडे पापांची कबुली द्यायला) जा म्हणावं सगळ्यांना. लिस्बनच्या बेलें भागात बागेत ओळीने कन्फेशनलं, म्हणजे कुमसाराच्या जागा, लावली होती, ती तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलेली. आमच्यातला एकजण कितीतरी वर्षांनी तिथे गेला आणि बाहेर येऊन बराच वेळ नुसता गवतावर बसून राहिला, कोणी काही विचारलं नाही.

एक_आई
मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा निघाला तेव्हा माझी झोप उडाली होती, एवढी गर्दी, परका देश, हवामान. २०११ ला माद्रिदला रात्रीच्या जागरणात वादळ आलं होतं, पोप बेनेडिक्ट यांचं भाषण मधेच थांबलं, आणि २०१३ ला रिओला पावसाने ठरलेल्या मैदानाचा चिखल झाला म्हणून सगळं कोपाकबाना बीचवर न्यावं लागलं, हे मी वाचून ठेवलेलं, त्यामुळे काळजी जास्तच. ताई, पालकांना "काही होणार नाही" असं सांगू नका, काय तयारी केलीय ते सांगा. आमच्या लीडरनी छोटे गट केले होते, प्रत्येक गटात एक मोठं माणूस, आणि ठराविक वेळी सगळ्यांनी एकमेकांना मोजायचं. प्रत्येकाच्या गळ्यात कागदावर लिहिलेला नंबर आणि राहायच्या जागेचा पत्ता, कारण एवढ्या गर्दीत मोबाइलला नेटवर्क मिळतंच असं नाही. कोणाला दमा, कोणाला कसली ॲलर्जी, ते आधीच लिहून घेतलं. ऑगस्टमध्ये सेऊलला उकाडा आणि पाऊस दोन्ही असतात, तेव्हा पाण्याची बाटली, टोपी, रेनकोट, आणि आधी वापरून पाय बसलेले बूट, नवे बूट अजिबात नकोत. राहणं बऱ्याचदा शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर असतं, काहींना घरी ठेवून घेतात. हॉटेलची अपेक्षा ठेवून कोणी येणार असेल तर त्याला आत्ताच सांगा.

कोरियाप्रेमी
तयारीबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. कोरियाला जायचं तर तिथल्या चर्चचा इतिहास पोरांना नक्की सांगा, तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. तिथे श्रद्धा मिशनऱ्यांनी नेली नाही. चीनमधून आलेली पुस्तकं वाचून काही विद्वान मंडळी आपापसात चर्चा करायला लागली, त्यांच्यातला यी सुंग-हुन बीजिंगला गेला, १७८४ ला बाप्तिस्मा घेऊन परत आला आणि त्याने बाकीच्यांना दिला. म्हणजे एकजण गेला, पण तो सगळ्यांच्या वतीने गेला. पुढे छळ झाला, हजारो मारले गेले. अँड्र्यू किम तेगॉन हे पहिले कोरियन धर्मगुरू, १८४५ ला दीक्षा आणि १८४६ ला शिरच्छेद, वय फक्त २५. तुमच्या ग्रुपमधल्या मुलांएवढंच की!

आणि अजून एक, जो लाकडी क्रूस युवा दिनाबरोबर जगभर फिरतो तो पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ एप्रिल १९८४ ला, ईस्टरच्या दिवशी, रोमला तरुणांच्या हाती दिला, आणि दोनच आठवड्यांनी, ६ मे ला, ते सेऊलला होते, १०३ कोरियन हुतात्म्यांना संतपद द्यायला. आता तोच क्रूस सेऊलला चाललाय. २०२७ च्या युवा दिनाचं वचनही योहान १६:३३ मधलं आहे, धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. महिन्यातून एकदा जमून एकेका हुतात्म्याची गोष्ट वाचा, जाणारे आणि न जाणारे सगळे मिळून. सोसोमुन आणि जोलदुसान ही हुतात्म्यांची ठिकाणं शहरातच आहेत, वेळ काढून जा, मॉल नंतर.

युथलीडर_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, क्राकोव्हवाल्या दादांचा एक पेटीचा मुद्दा आणि चिठ्ठ्यांची कल्पना फादरांना लगेच पाठवली. त्यांचा फोन आला, म्हणाले पुढच्या मीटिंगला मी स्वतः बोलतो. एक विचारायचं राहिलं, जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी त्या आठवड्यात इथे काय ठेवावं? नुसतं स्क्रीनवर बघणं मला पुरेसं वाटत नाही.

तेजो_काठावरून
आमच्या पॅरिशने त्याच शनिवारी चर्चमध्ये रात्रभर आराधना ठेवली होती, वेळेच्या फरकाकडे बघू नका, आपल्या रात्री ठेवा. आमच्याकडेही तशाच प्रार्थनेच्या चिठ्ठ्या होत्या, आम्ही तिथून त्यांवरची नावं पाठवायचो आणि इथले त्यांच्यासाठी जपमाळ करायचे. तुमच्या गायनवृंदवाल्या मुलीला विचारा ती रात्र कोण चालवणार. पण आधी तिचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत घाला, आणि पेटीत पहिले पैसे माझे धरा, कसे पाठवायचे ते मेसेज करते.