हतनूर धरणावर छोटी बोट न्यायचीय, लाईफ जॅकेट कोणतं घेऊ?

तापीकाठचा: भो, हवेची रबरी बोट घेतलीय, हतनूरच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जायचंय, सोबत दोन भाचे, एक आठ वर्षाचा. दुकानदार म्हणे ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलतं त्याचं माप) चालतं, आम्हाला पोहता येतं, पण लहान्याला नाही. काय करू?

भुसावळकर: ५० वालं फक्त तरंगायला मदत करतं रे, ते काठाजवळ आणि पोहता येणाऱ्यासाठी. माणूस बेशुद्ध पडला तर ते त्याला उताणं करत नाही, तोंड पाण्यातच राहतं. लहान्याला कमीत कमी १०० न्यूटनचं घे, मानेमागे कॉलर असलेलं, आणि त्याच्या वजनाच्या मापाचं, मोठ्याचं घालून दिलं तर पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. मांड्यांमधून जाणारा पट्टा बघूनच घे. घरी घालून खांद्यापाशी धरून वर ओढ, हनुवटीपर्यंत आलं तर परत कर.

गिरणामाई: दादा, जुनं जॅकेट मात्र कोणाकडून आणू नका. माझ्या भावाचं वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेलं होतं, आतला फोम दबून चपटा झालेला, विहिरीत दोरी धरून बघितलं तर पाणी पार नाकाशी आलं त्याच्या. अजून अंगावर काटा येतो.

भुसावळकर: बरोबर ताई. आणि जॅकेटला शिट्टी बांध, बोटीत लांब दोरी आणि जास्तीचं वल्हं ठेव. पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय बोट टाकू नको, दरवाजे उघडले की ओढ वाढते.

तापीकाठचा: उद्याच बदलून आणतो, लहान्याला दुकानात सोबत नेतो.