डेक्सा आणि वजनकाट्याच्या आकड्यांत तफावत: खेळाडू मुलीचे स्नायू खरेच वाढले का?

प्रश्न
मी मध्यम पल्ल्याच्या धावपटू मुलींना प्रशिक्षण देते. एकीच्या चरबीचे प्रमाण बॉडी कॉम्पोझिशनच्या काट्यावर १९ टक्के आले, तर त्याच आठवड्यात डेक्सावर, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी, हाडे आणि बाकीचे शरीर वेगवेगळे मोजणाऱ्या स्कॅनवर, २३ टक्के. शिवाय काट्याने दोन आठवड्यांत दीड किलो स्नायू वाढल्याचे दाखवले. यातले नेमके काय खरे मानावे?

उत्तर १
काटा चरबी मोजतच नाही. तो शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधावरून पाण्याचा अंदाज बांधतो आणि चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते, असे गृहीत धरून पुढचे गणित करतो. स्नायूंत साठणाऱ्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठते, क्रिएटिन हे पूरक घेतल्यानेही पाणी वाढते आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या अंगात ते साचते; त्यामुळे तुमच्या दीड किलोत पाण्याचाच वाटा मोठा असावा. डेक्साच्या ‘लीन मास’मध्येही (चरबी आणि हाडे सोडून उरलेल्या वजनात) पाणी आणि अंतर्गत अवयव धरलेले असतात. म्हणून यंत्र एकच ठेवा, सकाळी उपाशीपोटी मोजा आणि पाळीचा कितवा दिवस आहे, हे नोंदवा.

उत्तर २
मी कॅलिपरने (चिमट्यासारख्या मापकाने) ठरावीक जागी त्वचेच्या घड्या मोजून त्यांची मिलिमीटरमधली बेरीजच जपून ठेवतो, तिची टक्केवारी करत नाही. शरीराच्या घनतेवरून चरबीची टक्केवारी काढणारे संशोधक सिरी यांचे १९६१ चे सूत्र चरबीविरहित शरीराची घनता सर्वांची सारखीच धरते. ज्या खेळाडूची हाडे अधिक घन असतात तिची चरबी त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आपल्या हाताची चूक किती, हे दोनदा मोजून आधी ठरवावे. त्या चुकीच्या २.७७ पटीहून लहान फरकाला मी बदल म्हणत नाही.

उत्तर ३
मला विचाराल तर चरबीपेक्षा चरबीविरहित वजन अधिक उपयोगाचे, कारण खेळाडू पुरेसे खाते की नाही, हे त्यावरून कळते. समजा ते ४५ किलो आहे, आहार २००० किलोकॅलरींचा आहे आणि सरावात ६०० खर्च होतात. उरलेल्या १४०० ला ४५ ने भागल्यास प्रतिकिलो सुमारे ३१ किलोकॅलरी येतात. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिल्यास पाळी आणि हाडे या दोन्हींना धोका संभवतो, जरी ही रेषा प्रत्येकीसाठी काटेकोर नसली तरी. पाळी सलग तीन महिने चुकली असेल, तर पुढच्या स्कॅनची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. आणि कृपा करून हे आकडे संघासमोर वाचून दाखवू नका.

प्रश्नकर्ती
माझ्या वहीत वजनाचा रकाना आहे, पाळीचा नाही. उद्या प्रत्येकीशी एकटीने बोलून, तिची हरकत नसेल तरच तो भरते.