एक्सपायर, शिळं, इटलं, नासलं... नक्की कशाला काय म्हणायचं?

गोदाकाठ: काल दह्यावरून घरात वाजलं म्हणून विचारायलोय. पाकिटावरची तारीख परवाच गेलेली, पुण्याहून आलेली बहीण म्हणे एक्सपायर झालंय फेकून दे, आजीनं बोट बुडवून चाटलं आन म्हणाली "इटलं नाही माय, नुसतं आंबट झालंय, कढी लाव." कढी झाली, बहीण सोडून सगळ्यांनी भुरकली. बहिणीकडं एकच शब्द होता आन आजीकडं धा, हे मला खटकलं. तर एक्सपायरला आपला शब्द कोणता? पेपरात 'मुदतबाह्य' लिहितेत पण घरात कोण म्हणतंय तसं. त्यात आमच्याकडं माणूस गेला तरी 'एक्सपायर झाले' म्हणतेत, दही एक्सपायर म्हणलं की मला आधी सुतकच आठवतं.

ज्वारीचं पोतं: आधी 'शिळं' बाजूला काढा, ते खराब नव्हंच, फक्त कालचं. शिळी भाकर ताकात चुरायची, वर कांदा फोडून, रानात जायच्या आधी आमचं हेच. शीतला सप्तमीला तर चूल न पेटवता मुद्दाम आदल्या दिवशीचं खातेत. पाणीसुद्धा शिळं होतं, नळ आला की कालचं ओतून द्यायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात आमच्या घरी हा शब्द बंदच पडला, आठ दिवसांचं पाणीपण ताजंच!

शिळ्याच्या पुढं गेलं की मग पदार्थ बघून क्रियापद. वरण-भाजी इटते (पुस्तकात विटते), म्हणजे पळी उचलली की तार सुटते. दूध नासतं. आंबा उतरतो. दाणे, खोबरं, तेल खवट होतं. पिठाला जाळी धरते. पीठ आंबलं तर भाकरीचं वाया आन इडलीचं झकास.

कल्हईवाल्याचा नातू: 'कळकलं' विसरलात की. पितळी भांड्याची कल्हई उडाली आन त्यात ताक ठेवलं की कळकतं, तोंडात कसंतरीच होतं, मळमळतं. ताक ताजं असलं तरी कळकतंच, शिळेपणाचा संबंध नाही. स्टील आलं, भांडी मोडीत गेली, शब्दपण गेला.

लेबलताई: मी पॅकिंगच्या कामात आहे, रोज तारखाच बघते. एफएसएसएआयच्या (खाण्याच्या सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) २०२० च्या लेबलिंग नियमांत 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं आहे, 'बेस्ट बिफोर' हवं तर जोडीला टाकायचं. दोन्ही एक नाहीत. बेस्ट बिफोर गेलं म्हणजे बिस्कीट मऊ पडलं, चव उतरली, एवढंच. यूज बाय गेलं की खायचं नाही. आपण दोन्हीला सरसकट एक्सपायरी म्हणतो तिथं घोळ होतो.

आन आजीच्या शब्दांचं मला कौतुकच आहे, पण ते सगळे नाकानं, जिभेनं नाहीतर डोळ्यानं कळणारे आहेत. पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा वास येईलच असं नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात घ्या, इटलेला नसतो, वासपण नसतो, पण शिजवूनही काही जंतूंचे बीजाणू (उष्णता सोसणारं त्यांचं बीजासारखं रूप) जिवंत राहतेत आन रात्रीतून वाढून विष करू शकतेत, सकाळच्या फोडणीनं ते जात नाही. शेंगदाण्याचंही तसंच, खवट दाणा चवीला वाईट, पण बुरा आलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं, भाजून ते पूर्ण जात नाही. चटणीत लसूण घालून चव झाकायची सवय आहे आपल्याला, तेवढं करू नका. आणि छापलेली तारीख सांगितल्यासारखं थंड ठेवलं तरच खरी. मे महिन्यात लाईट जाऊन फ्रीज चार-चार तास बंद, त्यात पाकीट फोडलेलं, मग तारखेला काय अर्थ राहिला?

ज्वारीचं पोतं: म्हणजे कढी चुकली का?

लेबलताई: तारीख गेलेलं खा असं मी लिहून देणार नाही बाबा. पण दही मुळात आंबट, बऱ्याच जंतूंना तिथं जमत नाही, म्हणून आजीचा अंदाज दह्यात चालून जातो. पनीर असतं तर मी बहिणीच्या बाजूनं.

गोदाकाठ: आजीला आत्ताच विचारलं, एक्सपायरला काय म्हणावं. म्हणाली "तारीख गेली म्हणावं." मी म्हणलं मग दही गेलं का? तर "तारीख गेली, दही कुठं गेलंय!" आपल्यात भाजी 'गेली' म्हणजे खराब झाली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुकानदारपण 'डेट गेली' म्हणतेतच की. मुदतबाह्यपेक्षा मला हेच बरं वाटायलंय.

आन लेबलताई, फ्रीजमध्ये पनीरचं पाकीट आहे एक, थांबा, बघून येतो.