रेमुटाका इन्क्लाइन: वडिलांना घेऊन चालायचं आहे, कुठल्या बाजूने सुरुवात करावी?

लोअरहटकर

नमस्कार मंडळी. आई-बाबा फेब्रुवारीत वेलिंग्टनला येताहेत. बाबा मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत, वय 69. रोज सकाळी तळजाईला जातात, त्यामुळे चालायची सवय आहे, पण डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. त्यांना ते हॉबिटनवगैरे काही नको आहे. कुठेतरी वाचून त्यांनी फर्मान काढलंय की डोंगरातली ती जुनी बंद पडलेली लाइन चालायचीच. रेमुटाका रेल ट्रेल, कायटोके ते क्रॉस क्रीक, साधारण 18 किमी.

सगळीकडे एकच सल्ला दिसतो: कायटोकेला सुरू करा, समिटपर्यंत (डोंगरमाथ्यावरचं जुनं स्टेशन) हळूहळू चढ, मग क्रॉस क्रीकपर्यंत उतार. पण पलीकडे गाडी कोण आणणार? आणि 69 वर्षांच्या माणसाला एका दमात 18 किमी जमतील का? अर्धंच करायचं तर कुठलं अर्धं? आई बरोबर असेल, पण तिला रेल्वेत शून्य रस आहे.

कर्जतची पोर

अर्धंच करायचं असेल तर क्रॉस क्रीककडचं करा. हे मी अगदी ठासून सांगते आहे, कारण इथले नव्वद टक्के लोक तुम्हाला उलटं सांगतील. सायकलवाल्यांसाठी कायटोके बाजू छान आहे: रुंद वाट, सौम्य चढ, पाकुराताहीचा पूल, छोटा बोगदा, बीचची झाडं, मनुकाची झुडपं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तो भाग साध्या रेल्वेचा आहे. साधं एंजिन, साधे रूळ. असा चढ जगात कुठेही सापडेल.

रेल्वेवाल्या माणसाने बघायचा तो समिट आणि क्रॉस क्रीकमधला जेमतेम पाच किलोमीटरचा तुकडा. तेवढ्या अंतरात लाइन 265 मीटर चढते. चढ 1 ला 15. तुमच्या बाबांना फक्त एवढा आकडा सांगा आणि चेहरा बघा. आपला बोरघाट 1 ला 37 आहे, आणि तिथेसुद्धा कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा एंजिनं, लागल्याशिवाय बहुतेक गाड्या हलत नाहीत. माझं बालपण कर्जत स्टेशनाच्या आवाजात गेलं. बँकर लागताना बसणारा तो धक्का, तेवढ्या वेळात खिडक्यांशी धावणारे वडेवाले. त्यामुळे इथे आल्यावर कुणीतरी ‘1 ला 15’ म्हणालं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल.

चूक नव्हती. वाइरारापाच्या, म्हणजे क्रॉस क्रीककडच्या, बाजूला डोंगर एकदम कोसळतो. साध्या चढाने लाइन खाली उतरवायची तर लांबच लांब वळणं, बोगदे आणि पैसा. वसाहतीकडे तेवढा पैसा नव्हता. मग त्यांनी फेल नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबाची युक्ती उचलली. दोन रुळांच्या मधोमध, थोड्या उंचीवर, तिसरा रूळ आडवा टाकायचा. एंजिनाच्या पोटाखाली आडवी चाकं, ती या मधल्या रुळाला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतात. बाहेरचे सिलिंडर नेहमीची चाकं फिरवतात, आतले सिलिंडर ही आडवी चाकं. म्हणजे एका एंजिनात दोन एंजिनं. ब्रिस्टलहून चार आली, पुढे ग्लासगोहून आणखी दोन. मुख्यतः या सहा एंजिनांवर 1878 पासून 1955 पर्यंत वाइरारापाची मेंढरं, लोकर, लाकूड आणि माणसं हा डोंगर चढली. खरं तर ही सोय तात्पुरती होती! तात्पुरती म्हणून 77 वर्षं. सरकारी कामांच्या बाबतीत जग सगळीकडे सारखंच आहे म्हणायचं.

एक एंजिन साधारण 60-65 टन ओढायचं. म्हणून मोठ्या गाडीला चार-चार एंजिनं लागत, तीही सगळी पुढे नाहीत, डब्यांच्या मधेमधे पेरलेली. प्रत्येकात ड्रायव्हर आणि फायरमन. मधल्या एंजिनावरच्या लोकांचे बोगद्यात काय हाल होत असतील याचा विचार समिट बोगद्यातून चालताना जरूर करा. 576 मीटर लांब आहे. पुढच्या एंजिनाचा धूर, मागच्याचा धूर, आणि वेग माणसाच्या धावण्याइतका.

आता गुडघ्याचं. रेल्वेला जो चढ भयंकर, तो पायाला काहीच नाही. 1 ला 15 म्हणजे 15 पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला हा चढ जाणवणारसुद्धा नाही. क्रॉस क्रीकच्या पार्किंगपासून जुन्या स्टेशनापर्यंत झाडीतून पायवाट आहे, तिथून लाइनचीच वाट समिटला जाते. जाऊन-येऊन 12-13 किमी धरा. दमलात तर कुठूनही मागे फिरता येतं आणि परतीला पूर्ण उतार, हा मोठा फायदा. पलीकडे गाडी ठेवायची भानगडच नाही.

आणि हो, आधी फेदरस्टनचं फेल म्युझियम. नंतर नाही, आधी. जगात उरलेलं एकुलतं एक फेल एंजिन तिथे आहे, एच 199. लाइन बंद पडल्यावर ते गावातल्या बागेत पोरांना खेळायला ठेवलं होतं, चांगलं गंजलं, मग गावकऱ्यांनी मनावर घेऊन दुरुस्त केलं. खाली वाकून ती आडवी चाकं बघता येतात. ते बघितल्याशिवाय वर गेलात तर वाट म्हणजे नुसती खडीची वाट. रूळ केव्हाच उचलून नेलेत. म्युझियम स्वयंसेवक चालवतात, उघडं असण्याची वेळ बघूनच निघा.

घाटवाले काका

सूनबाईंनी (कर्जतची म्हणजे आमच्या घाटाची सूनच) चढाचं छान लिहिलं. मी न्यूझीलंडला गेलेलो नाही. कल्याण लोको शेड, निवृत्त ड्रायव्हर, पुष्कळ वर्षं घाट केला. एक गोष्ट सांगतो ती तुमच्या बाबांना पटेल. लोक चढाचं कौतुक करतात. ड्रायव्हर उताराला घाबरतो. चढताना फार तर गाडी थांबेल. उतरताना गाडी थांबली नाही तर?

म्हणून आपल्याकडे लोणावळ्याहून खाली येणाऱ्या गाड्या कॅच सायडिंगच्या (ब्रेक न लागलेली गाडी वळवून थांबवायचा बाजूचा रूळ) आधी उभ्या राहतात. ब्रेक धरतो हे दाखवा, मग पुढे जा. पॅसेंजरला वाटतं सिग्नल मिळाला नाही.

1 ला 15 च्या उतारावर काय करत होते हे मला जाणून घ्यायचं आहे. नुसत्या चाकांच्या ब्रेकवर गाडी धरणं मला शक्य वाटत नाही.

कर्जतची पोर

काका, सून नाही, लेक! कर्जत माझं माहेर. पण प्रश्न अगदी नेमका.

उतरतानासुद्धा मधला रूळच उपयोगी पडायचा. एंजिनाला आणि खास फेल ब्रेक व्हॅनना त्या रुळाला दोन्हीकडून आवळणारे ब्रेक असत. अशा ब्रेक व्हॅन गाडीला जोडून गार्ड लोक चाक फिरवून फिरवून ते आवळायचे. ब्रेकचे ओतीव लोखंडी ब्लॉक इतके झिजायचे की क्रॉस क्रीकला ते बदलत राहणं हे रोजचं काम होतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, खर्च सगळा उतारात.

म्हणून तर क्रॉस क्रीकला गाव वसलं. आज तिथे एक निवारा, माहितीचे फलक आणि गवत आहे. तेव्हा एंजिन शेड, यार्ड, रेल्वेवाल्यांची घरं, मुलांची शाळा. किराणासुद्धा गाडीनेच यायचा. मला तिथे उभं राहिलं की ठाकूरवाडी, मंकी हिल आठवतात. घाटात मधेच, रस्ता नाही, काही नाही, आणि केबिनमधे एक माणूस डबा उघडून बसलाय.

पेडलपांडुरंग

थोडा विरोध नोंदवतो. वरची सगळी माहिती खरी आहे, पण क्रॉस क्रीक बाजूच्या वाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. मी सायकलवर होतो, एका वळणावर उतरून सायकल हातात धरावी लागली. वारा काय असतो हे वेलिंग्टनकरांना सांगायला नको, पण तिथला वारा वेलिंग्टनकरालासुद्धा चकवतो. ज्येष्ठ नागरिकांना मी कायटोकेकडूनच नेलं असतं. पाकुराताही बोगद्यापर्यंत जाऊन परत, तासा-दोन तासांत घरी. झाडी दाट, आडोसा आहे. सगळ्यांना रेल्वेचं वेड नसतं हो.

शिवाय फेदरस्टनला जायला रेमुटाका हिल रोड. वळणं बघता वडीलधाऱ्यांना गाडी लागण्याची शक्यता दाट.

लोअरहटकर

वारा?? आता आई ऐकणार नाही. नक्की किती?

कर्जतची पोर

पांडुरंगराव, विरोध मान्य. वाऱ्याबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं असं नाही, कारण त्याला वेगळा परिच्छेदच लागतो. तर घ्या.

ते वळण म्हणजे सायबेरिया. नावावरूनच समजा. एका घळीतून वारा थेट लाइनवर येतो. 11 सप्टेंबर 1880 ला, म्हणजे लाइन सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती, ग्रेटाउनहून वेलिंग्टनला निघालेली गाडी तिथे आली आणि झोताने डबे रुळांवरून उडवले. डबे भरावाच्या उतारावर लोंबकळले. एंजिन मात्र जागेवर राहिलं, कारण त्याने मधला रूळ चिमट्यात धरला होता. त्याच्या त्या पकडीवर पूर्ण गाडी लटकून होती. लहान मुलं दगावली त्यात. मग तिथे वारा अडवायला भक्कम लाकडी कुंपणं उभारली.

तो भरावही आता नाही. लाइन बंद झाल्यावर काही वर्षांनी पावसात वाहून गेला. पूर्वी घळीत उतरून ओढा ओलांडावा लागायचा, आता झुलता पूल आहे. बाबांनी सिग्नल खात्यात असताना पावसाळ्यात घाटातल्या दरडी बघितल्या असतील, त्यांना ती घळ बघून काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण चालणाऱ्याला त्याची भीती बाळगायचं कारण नाही, दिवस निवडायचं कारण आहे. जोरदार वायव्य वाऱ्याचा इशारा असेल तर जाऊ नका, विषय संपला. वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, जास्त त्रास. फेब्रुवारीत शांत दिवस मिळतात. हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि अंदाज बघून आदल्या रात्री ठरवा.

गाडी लागण्यावर उपाय: आगगाडी! वेलिंग्टनहून मास्टरटनला जाणारी गाडी अप्पर हटवरून फेदरस्टनला जाते, डोंगराखालच्या 8.8 किमीच्या बोगद्यातून. हा बोगदा 3 नोव्हेंबर 1955 ला सुरू झाला, आणि त्याच्यामुळेच जुनी लाइन ऑक्टोबरअखेर बंद पडली. बाबांना आधी बोगद्यातून न्या, मग वरच्या लाइनवर. फेदरस्टन स्टेशनपासून म्युझियम चालत काही मिनिटांवर आहे. क्रॉस क्रीक मात्र तिथून 10 किमीच्या आसपास, वेस्टर्न लेक रोडने, त्यासाठी वाहन लागेल. एकाने गाडी हिल रोडवरून आणायची, बाकीच्यांनी रेल्वेने यायचं. गाडी चालवणाऱ्याचं पोट मजबूत हवं, इतकंच.

घाटवाले काका

1880 चं वाचून सुन्न झालो. पण एंजिनाने रूळ सोडला नाही हे लक्षात राहील.

एक शंका. साध्या एंजिनाची गाडी समिटला आली की फेल एंजिनं तिथे लागायची का? म्हणजे कर्जतचं काम तिथे वर?

कर्जतची पोर

हो काका, दोन्ही टोकांना. वेलिंग्टनहून येणारी गाडी समिटला थांबायची, साधं एंजिन काढून फेल एंजिनं आणि ब्रेक व्हॅन लावायच्या, खाली क्रॉस क्रीकला ती काढून परत साधं एंजिन. उलट येताना उलटं. 1936 पासून रेलकार (स्वतःचं एंजिन असलेले प्रवासी डबे) आल्या, त्या मात्र मधल्या रुळाला न धरता स्वतःच्या जोरावर चढायच्या. प्रवाशांचा वेळ वाचला, मालगाड्या शेवटपर्यंत फेलवरच.

लोअरहटकर

ठरलं, क्रॉस क्रीक. बाबांना इथला दुवा पाठवला, त्यांनी काकांचं उताराचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि ‘बरोबर’ एवढंच म्हणाले. आता शेवटचं: बरोबर काय न्यायचं, आणि आईचं काय करू?

कर्जतची पोर

टॉर्च, माणशी एक. मोबाइलचा उजेड समिट बोगद्यात कमी पडतो, पायाखाली ओलं असतं, वरून ठिबकतं. बोगद्यासाठी जाकीट, बाहेरच्या उन्हासाठी टोपी आणि सनस्क्रीन, इथलं ऊन आपल्यापेक्षा वाईट. मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. पाणी घरून, ओढ्याचं प्यायचं तर उकळून. वाट सायकलवाल्यांची पण आहे, डावीकडून चाला, घंटी ऐकली की बाजूला व्हा. नकाशा शोधताना जुन्या पाट्यांवर ‘रिमुटाका’ दिसेल, 2017 पासून अधिकृत नाव ‘रेमुटाका’ आहे, जागा तीच.

आईंना सायबेरियाच्या पुलापर्यंत न्या. रेल्वेत रस नसला तरी झाडी आहे, पीवाकावाका आहे. हा पक्षी पंख्यासारखी शेपटी उघडून माणसाच्या मागे मागे येतो, कारण आपल्या पावलांनी किडे उडतात. तिथून पुढे त्यांना नको वाटलं तर एकाने त्यांच्याबरोबर हळूहळू क्रॉस क्रीकच्या निवाऱ्यात परतायचं. थर्मास आणि डबा मात्र आईंकडे देऊ नका. बाबा समिटला पोचल्यावर चहा मागतील.