मदत हवी आहे : सुंता करावी की कातडी वाचवावी?

वय ५४, मधुमेह ९ वर्षांपासून. साखर वाढली की पुढच्या कातडीला चिरा पडतात, खाज सुटते. आता ती मागेही सरकत नाही. सर्जन म्हणतात, सुंता करून टाका, ‘त्या कातडीचा तसा उपयोग काहीच नसतो.’

हे वाक्य मला पटलं नाही. माझ्या वाचनाप्रमाणे तिची आतली बाजू ओठाच्या आतल्या भागासारखी ओलसर असते, शिश्नमुंडाला कपड्याच्या घासण्यापासून जपते, शिवाय हलका स्पर्श ओळखणारी मज्जाग्रं तिथे दाट असतात. सुश्रुतसंहितेत कातडी मागे न सरकण्याच्या या दुखण्याला ‘निरुद्धप्रकश’ असं नावही आहे. म्हणजे दुखणं जुनंच, लाज मात्र आमची!

मला विचारायचंय ते असं : साखर आटोक्यात आणून, बुरशीवरचं मलम आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड मलम लावून कोणाला फरक पडला का? किती आठवड्यांत? कातडी पूर्ण न काढता फक्त सैल करण्याची शस्त्रक्रिया कोणी करून घेतली आहे का? सुंता झालेल्यांनी संवेदनेत काय बदल जाणवला तेही मोकळेपणाने सांगा. घरगुती लेप कृपया सुचवू नका, खोबरेल तेल करून झालंय.